लिनक्सवर सीरियल पोर्टचं कार्ड: ड्रायव्हर शोधू नका, नंबर शोधा

भुईकाट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, आजही नऊ पिनांच्या सीरियल पोर्टमधूनच वजन पाठवतो, आणि आता दुकानात मिळणाऱ्या कॉम्प्युटरला तो पोर्ट बहुधा नसतो. मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातले काटे सांभाळते. ऊस, खडी, भंगार, पशुखाद्य, जे येईल ते. काट्याच्या खोलीतलं जुनं विंडोज एक्सपीचं मशीन बंद पडलं की तिथे एक सेकंडहँड स्लिम डेस्कटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू लिनक्स, आणि आत दोन पोर्टचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड, ही माझी ठरलेली जोडणी.

यूएसबी कन्व्हर्टर स्वस्त पडतो, मान्य. पण त्याची वायर कोणाच्या ना कोणाच्या पायात येते. काढून परत लावला की त्याच्या पोर्टचं नाव आज टीटीवाययूएसबी०, उद्या टीटीवाययूएसबी१. उबुंटू २२.०४ वर तर सीएच३४० चिपचा कन्व्हर्टर लावला की बीआरएलटीटीवाय ही ब्रेल डिस्प्लेसाठीची सेवा तो आपलाच समजून ताब्यात घ्यायची, आणि काटा मुका. कार्ड कॅबिनेटला स्क्रूने आवळलेलं असतं, ते कुठे जात नाही.

कार्डाच्या खोक्यात एक छोटी सीडी येते. ती खोक्यातच राहू द्या. त्यावर लिनक्सचा म्हणून जो ड्रायव्हर असतो, तो बहुतेक कुठल्या तरी जुन्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, लिहिलेला सोर्स कोड असतो. तो नव्या कर्नलवर कंपाइल होता होत नाही, झालाच तर कर्नल अपडेट झाल्यावर पुन्हा तेच काम करायचं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही. खरं म्हणजे त्याची गरज नसते. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सीरियल कार्डावर ८२५० नावाची चिप होती. पुढे १६४५०, मग १६ बाइटचा बफर असलेली १६५५०ए आली, पण सगळ्यांनी जुन्या चिपची भाषा सांभाळली. आजचं कार्डही तीच भाषा बोलतं. लिनक्सचा ८२५० ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि त्याला शेकडो कार्डांची ओळख असते. मला फोन येतात ते 'ड्रायव्हर मिळत नाही' म्हणून. जाऊन बघावं तर ड्रायव्हर केव्हाच लागलेला असतो, माणूस मात्र चुकीच्या नंबरच्या पोर्टवर वजनाची वाट बघत बसलेला असतो.

एक सूचना. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे मी सांगते. पहिलं आत्ताच सांगते: टीटीवायएस४ सारख्या पोर्टच्या नावातला 'एस' मोठा असतो, 'टीटीवाय' लहान.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, पट्टी. स्लिम कॅबिनेटला अर्ध्या उंचीची पट्टी लागते. ती खोक्यात आहे ना, आणि दुसरा पोर्ट रिबन केबलवर असेल तर त्याचीही वेगळी अर्धी पट्टी आहे ना, हे दुकानातच उघडून बघा. दोन, चिप. कार्डावरच्या मोठ्या काळ्या चिपवरचा नंबर वाचा. डब्ल्यूसीएचची सीएच३८२, मॉसचिपची ९९१२ किंवा ९९२२, ऑक्सफर्ड, एक्झार, या सगळ्या कर्नलच्या ओळखीच्या. असिक्सची एएक्स९९१०० घेत असाल तर कर्नल नवा ठेवा, तिची ओळख उशिरा आली. नुसते सीरियल पोर्ट हवे असतील तर प्रिंटर पोर्टवालं कार्ड घेऊ नका. का ते पुढे येईल.

बसवताना वीज बंद आणि प्लग भिंतीतून बाहेर. कार्ड लावायच्या आधी त्यावरचे जंपर बघा. बिलिंग काउंटरसाठी बनवलेल्या काही कार्डांवर एका पिनवर, बहुधा नऊ नंबरच्या, ५ किंवा १२ व्होल्ट सोडायची सोय असते. बारकोड स्कॅनरला ती वीज लागते. तुमच्या इंडिकेटरला ती नको आहे. जंपर साध्या जागेवर, म्हणजे आरआयच्या खुणेवर असावा. खूण नीट वाचता येत नसेल तर कार्ड लावून मशीन चालू करा आणि केबल जोडायच्या आधी पाच आणि नऊ पिनांमध्ये मल्टिमीटर धरा. इंडिकेटरचा बोर्ड जळण्यापेक्षा ही दोन मिनिटं बरी.

मशीन चालू झालं की पहिली कमांड:

एलएसपीसीआय -एनएन -के

लांबलचक यादी येईल. त्यात सीरियल कंट्रोलर किंवा कम्युनिकेशन कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीला कार्डाचा पत्ता असतो, समजा ०३:००.०. शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे असतात, बनवणाऱ्याचा आणि चिपचा. १सी००:३२५३ म्हणजे सीएच३८२, दोन सीरियलवाली. १सी००:३४७० म्हणजे चार पोर्टची सीएच३८४. पहिला आकडा ९७१० असेल तर नेटमॉस-मॉसचिप घराणं, त्यातली मॉसचिप आपल्या शेजारच्या हैदराबादची. नावापुढे नुसतं 'डिव्हाइस' लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका. नावांची यादी जुनी आहे एवढाच त्याचा अर्थ, ड्रायव्हर आकडे बघतो.

यादीत कार्डच नसेल तर पुढे काही करू नका. कार्ड काढा, सोनेरी कडा पुसा, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. बायोसमध्ये तो स्लॉट बंद नाही ना ते बघा. लिनक्सचा इथे संबंध नाही.

कार्ड दिसलं तर त्याच्या खालची 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ वाचा. पुढे 'सीरियल' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हरचा विषय तिथेच संपला. एक्झारच्या चिपला ते नाव वेगळं दिसेल. प्रिंटर पोर्टवालं कार्ड असेल तर तिथे 'पारपोर्ट_सीरियल' हवं. ही मघाची गोष्ट. अशी बरीचशी मिश्र कार्डं साधा सीरियल ड्रायव्हर मुद्दाम सोडून देतो, कारण दोन्ही पोर्ट एकाच चिपमध्ये असतात आणि ते एकत्र सांभाळणारं मॉड्यूल वेगळं आहे. ओळ रिकामी असेल तर हे करून बघा:

सुडो मॉडप्रोब पारपोर्ट_सीरियल

आता मुख्य प्रश्न: पोर्टला नंबर कुठला मिळाला?

सुडो डीमेसेज | ग्रेप टीटीवायएस

इथे अशी एक ओळ मिळाली पाहिजे: ०३:००.० चा पत्ता, मग टीटीवायएस४, मग आय-ओ पत्ता, आयआरक्यू (चिप प्रोसेसरला हाक मारते तो नंबर), बेस बॉड ११५२०० आणि शेवटी १६५५०ए. सीएच३८२ ला शेवटी एक्सआर१६८५० असं दुसऱ्याच चिपचं नाव दिसतं. चालतं, तपासणीत ती तशी भासते.

नंबर चारपासून का सुरू होतो? पहिले चार नंबर जुन्या काळच्या ठरलेल्या पत्त्यांसाठी राखून ठेवलेले असतात. कॉम१ चा ३एफ८, कॉम२ चा २एफ८, मग ३ई८ आणि २ई८. मदरबोर्डवर हे पोर्ट असोत-नसोत, जागा त्यांच्या नावावर. म्हणून कार्डाला सहसा टीटीवायएस४ आणि टीटीवायएस५ मिळतात. पण हे जागा शिल्लक असेल तर. उबुंटू ३२ जागा मांडून ठेवतं, डेबियन साधारण ४ च. चारच असतील आणि मदरबोर्डवर एक खरा पोर्ट असेल तर तेच कार्ड टीटीवायएस१ आणि टीटीवायएस२ घेऊन बसतं. एका काट्यावर चार आणि दुसऱ्यावर एक, कार्ड मात्र एकाच खोक्यातलं, असं दिसलं की हे आठवा.

उबुंटूवर दुसरीच गंमत होते. डेव्ह फोल्डरमध्ये टीटीवायएस० ते टीटीवायएस३१ अशी सगळी नावं दिसतात आणि माणसाला वाटतं एवढे सगळे पोर्ट आहेत. त्यातले बहुतेक पोकळ. पोकळ पोर्ट उघडायला गेलात की 'इनपुट आउटपुट एरर' येते, आणि लोक समजतात कार्ड खराब निघालं. खरे पोर्ट ओळखायचे तर:

सुडो कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल

ज्या ओळीत यूएआरटी, म्हणजे सीरियल चिप, या शब्दापुढे 'अननोन' आहे ती पोकळ. ज्या ओळीत चिपचं नाव, पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू आहे तो पोर्ट जिवंत. ही यादी मी काम सुरू करताना बघते आणि संपवतानाही बघते, कारण तिच्यात टीएक्स आणि आरएक्स असे दोन आकडेही असतात, किती बाइट गेले आणि किती आले. वजन येत असेल तर आरएक्स वाढत जातो. प्रोग्रॅम काही दाखवत नाही पण आरएक्स वाढतोय, तर दोष प्रोग्रॅममध्ये आहे, केबलला हात लावू नका. मात्र हा आकडा पोर्ट कोणीतरी उघडलेला असतानाच हलतो.

डीमेसेजमध्ये 'कुडंट रजिस्टर सीरियल पोर्ट' आणि शेवटी उणे २८ दिसलं, तर जागा संपल्या. मदरबोर्डवर एक पोर्ट असताना चार पोर्टचं कार्ड डेबियनमध्ये लावलं की हे हमखास होतं. उपाय सोपा. इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टमध्ये ग्रब नावाची फाइल आहे. तिच्यात ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स (सगळी अक्षरं मोठी) या ओळीच्या अवतरणचिन्हांमध्ये हे घाला:

८२५०.एनआर_यूएआरटीएस=१६

मग सुडो अपडेट-ग्रब, आणि रीस्टार्ट. हे केल्यावर नंबर बदलू शकतात हे लक्षात ठेवा. आधी एक असलेला पोर्ट आता चार होईल. म्हणून प्रोग्रॅममध्ये नंबर भरायच्या आधीच हे उरकून घ्या.

कार्ड दिसतं पण ड्रायव्हरची ओळ रिकामी, आणि प्रिंटर पोर्टही नाही, असं क्वचित होतं. मग आधी नवा कर्नल टाकून बघा, बहुतेक तिथेच सुटतं. तरी नाही तर कार्डाचे दोन आकडे ड्रायव्हरच्या कानावर घालता येतात. सिस फोल्डरमध्ये बस, पीसीआय, ड्रायव्हर्स, सीरियल असं उतरत गेलात की न्यू_आयडी नावाची फाइल आहे. रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, होऊन तिच्यात दोन आकडे मध्ये जागा सोडून इकोने लिहायचे. चिपने स्वतःला सीरियल कंट्रोलर म्हणवलं असेल तर ड्रायव्हर अंदाज बांधून पोर्ट उभे करतो. कम्युनिकेशन कंट्रोलर म्हणवलं असेल तर नाही करत. सेटसीरियलने पत्ता आणि आयआरक्यू हाताने भरायची जुनी युक्तीही आहे, पण सिक्युअर बूटमुळे कर्नल कुलूपबंद असेल तर ती रूटलाही करता येत नाही. मी त्या वाटेला जात नाही. दुकानदाराकडून कार्ड बदलून घेते.

परवानगीचं थोडक्यात. डेबियन, उबुंटू, फेडोरा या सगळ्यांत पोर्ट डायलआउट गटाच्या मालकीचा असतो, आर्चमध्ये यूयूसीपी. काट्यावर बसणाऱ्याच्या नावाने जे लॉगिन असेल, समजा 'काटा', त्याला गटात घाला:

सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट काटा

यातला 'जी' मोठा. 'ए' विसरलात तर तो माणूस बाकीच्या गटांतून बाहेर पडतो, सुडोसकट. मग लॉगआउट करून परत लॉगिन. त्याशिवाय लागू होत नाही. सगळ्यांसाठी पोर्ट उघडा टाकणारं सीएचमॉड ६६६ करू नका, रीस्टार्टनंतर ते जातं आणि सकाळी सहाला फोन तुम्हालाच येतो.

आता इंडिकेटर जोडायच्या आधी पोर्ट स्वतःशी बोलतो का ते बघायचं. नऊ पिनांचा एक मादी कनेक्टर घ्या आणि त्याच्या दोन आणि तीन पिना वायरने डाग देऊन जोडा. हा लूप माझ्या पिशवीत कायम असतो. तो कार्डाला लावा आणि पिकोकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम चालवा:

पिकोकॉम -बी ९६०० /डेव्ह/टीटीवायएस४

जे टाइप कराल ते पडद्यावर उमटलं पाहिजे, आणि कनेक्टर उपसला की उमटायचं थांबलं पाहिजे. हा दुसरा भाग महत्त्वाचा, नाहीतर ते नुसतं लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं प्रोग्रॅमनेच परत दाखवणं, असू शकतं. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग कंट्रोल-एक्स. मिनिकॉम वापरत असाल तर आधी मिनिकॉम -एस करून हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. ते मुळात चालू असतं, आणि तीन वायरींच्या केबलवर सीटीएस, म्हणजे 'पाठव' हा इशारा, कोणी देत नाही, मग मिनिकॉम परवानगीची वाट बघत गप्प बसतो.

दोन पोर्टच्या कार्डात वरचा कुठला, खालचा कुठला, हेही याच लूपने ठरतं. ठरलं की कॅबिनेटवर मार्करने लिहून टाका.

लूप पास आणि इंडिकेटर गप्प, म्हणजे केबल किंवा सेटिंग. केबलसाठी मल्टिमीटर पुरे. आरएस-२३२ मध्ये पाठवणारी वायर रिकामी असताना उणे व्होल्टेजवर असते, पाच नंबरच्या पिनच्या तुलनेत साधारण उणे ५ ते उणे १२. कार्डाच्या तीन नंबरवर ते दिसेल. इंडिकेटर चालू ठेवून केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक मोकळं धरा आणि मोजा. उणे व्होल्टेज दोन नंबरवर आलं तर केबल बरोबर. तीनवर आलं तर दोन आणि तीन उलट करायला हवेत. कुठेच नाही आलं तर इंडिकेटरचा पोर्ट किंवा वायर तुटलेली. सतत वजन पाठवणाऱ्या इंडिकेटरवर आकडा थोडा नाचतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

सेटिंग इंडिकेटरच्या मेनूत बघायचं. मॅन्युअल नसेल तर २४०० आणि ९६०० हे दोन वेग आधी बघा:

एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस४ २४०० सीएस८ -पारईएनबी -सीस्टॉपबी -सीआरटीएससीटीएस रॉ -एको

इथे 'एफ' मोठा. मग कॅट /डेव्ह/टीटीवायएस४ केलं की वजनं खाली धावू लागली पाहिजेत. पूर्ण कचरा आला तर वेग चुकला. पण समजा काही आकडे नीट आणि काही कचरा आले, तर नीट बघा कुठले. ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात, तर इंडिकेटर सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर (चूक पकडायला एक जादा बिट, एकांची संख्या सम ठेवणारा) आहे. पहिल्या पाच आकड्यांच्या कोडमध्ये एकांची संख्या सम आहे, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य येतो आणि ते सुखरूप पोचतात. बाकीच्यांना एक चिकटतो. सीएस७ आणि पारईएनबी करा, सगळे सरळ होतील. लोकांना हे कार्डाचं दुखणं वाटतं, कारण शून्य वजन अगदी स्वच्छ दिसतं आणि ट्रक चढला की बिघडतं.

सगळं चालल्यावर पोर्टला पक्कं नाव द्या. कर्नल बदलला, स्लॉट बदलला की नंबर सरकू शकतो, आणि पीसीआय कार्डांना यूएसबीसारखं तयार नाव मिळत नाही. आधी हे:

सुडो यूडेव्हएडीएम इन्फो -ए -एन /डेव्ह/टीटीवायएस४

त्यात स्वतः पोर्टच्या खाली 'पोर्ट' नावाचा गुण दिसेल, तो आय-ओ पत्ता. आणि वरच्या पायऱ्यांवर ०३:००.० चा पीसीआय पत्ता. इटीसी, यूडेव्ह, रूल्स.डी मध्ये ९९-काटा.रूल्स नावाची फाइल करा, नाव अर्थात इंग्रजीत. त्यात एकच ओळ, तीन अटी: कर्नलचं नाव टीटीवायएसने सुरू होणारं, पालकांत तो पीसीआय पत्ता, आणि 'पोर्ट' तो आय-ओ पत्ता. मग सिमलिंक, म्हणजे पोर्टचं दुसरं नाव, 'काटा'. तिसरी अट गाळू नका, बऱ्याच कार्डांत दोन्ही पोर्टांचा पीसीआय पत्ता एकच असतो. नंतर सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड आणि सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर. आता प्रोग्रॅमला /डेव्ह/काटा एवढंच सांगायचं. काट्याचा जुना विंडोज प्रोग्रॅम वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवत असाल तर वाइनच्या रजिस्ट्रीत पोर्ट्सखाली कॉम१ समोर हेच नाव भरा. डॉसचा असेल तर डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये सीरियल१ ला डायरेक्टसीरियल, रिअलपोर्ट काटा.

शेवटचं, पावसाळ्याचं. इंडिकेटर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्या. केबल पंधरा मीटरच्या आत ठेवा आणि कनेक्टरचे दोन्ही स्क्रू आवळा. तरी आमच्याकडे मे महिन्याच्या वळिवात एखादा पोर्ट जातोच. तेव्हा दुसऱ्या पोर्टवर लूप लावून बघा, पास झाला तर केबल तिकडे हलवा आणि रूल्सच्या फाइलमधला आय-ओ पत्ता बदला. दोन पोर्टचं कार्ड मी एवढ्यासाठीच घेते.